उजव्या खांद्याचा माज

माझा उजवा खांदा पाण्याच्या कॅनमुळे फाटला. लोक गाडीवरून पडतात, डोंगरावर घसरतात, निदान सांगण्यासारखं काहीतरी करताना हाडं मोडून घेतात. मी वीस लिटरचा कॅन उचलून डिस्पेन्सरवर पालथा घालत होते. कॅनवाला तो दारातच टेकवून गेला होता, कारण वर आणून लावून देणं त्यांच्या कामात बसत नाही म्हणे.

मारतहळ्ळीत माझं ब्यूटी पार्लर आहे. औषधाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. दोन खुर्च्या, केस धुवायचं एक बेसिन, आणि गल्लीतल्या विजेच्या तारांकडे उघडणारी एक खिडकी. मी मूळची खानापूरची, लग्न होऊन बेंगळुरूला आले, आणि एकोणीस वर्षं हे पार्लर चालवतेय. मंजुळा माझ्याकडे अकरा वर्षं आहे. कोलारकडची, चाळिशीची, अंगानं बारीक. आमचं बोलणं कन्नडमधून चालतं, इथे ते मराठीत लिहितेय.

तर कॅन छातीपर्यंत आला, मी तो वर फिरवला, आणि खांद्याच्या आत काहीतरी टरकलं. आवाज झाला नाही, पण जुनं लुगडं फाडताना बोटांना जे कळतं ते मला आतून कळलं. कॅन नेमका जागेवर बसला, पाण्याचा थेंब सांडला नाही. याचा मला दोन सेकंद अभिमान वाटला. मग हात खाली आला आणि परत वर जाईना.

"अक्का, काय झालं?" गिऱ्हाइकाच्या डोक्याला रंग लावता लावता मंजुळानं विचारलं.

"काही नाही. तू तुझं बघ."

त्या दुपारी मी डाव्या हातानं उजव्या कोपराला टेकू देऊन एक हेअरकट केला. वाईट झाला. बाईंना कळलं नाही. बहुतेक बायकांना कळत नाहीच.

सल्ले

तीन आठवडे मी कुणाला सांगितलं नाही. मग सगळ्यांना कळलं, आणि माणसाच्या जातीबद्दल माझं जे मत होतं ते पक्कं झालं.

खांदा दुखतो म्हटलं की समोरच्याचा चेहरा उजळतो. त्याच्याकडे एक आत्या असते. तिचाही दुखत होता. तिला फ्रोजन शोल्डर झालं होतं. मला झालंय ते फ्रोजन शोल्डर नाही असं म्हटलं की तो मान हलवतो, "नाही हो, तेच असणार." पुण्याच्या नणंदेनं फोनवर लसणाचं तेल सांगितलं. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी चुंबकाचा पट्टा आणून दिला आणि तो परत मागायला चारदा आल्या. रिंग रोडवरच्या टेक पार्कमधली एक गिऱ्हाईक, जी भुवया कोरून घेतानाही कानातला इयरफोन काढत नाही आणि मीटिंग चालू ठेवते, ती मला म्हणाली, "आंटी, तुम्ही योगा करत नाही का?"

मी तिच्या भुवईला दोरा लावलेला होता. फार संयम ठेवावा लागला.

माझ्या नवऱ्याचं, विलासचं, वेगळं. ते एका कारखान्याच्या भांडारात काम करतात, शांत माणूस आहेत, आणि त्यांना काहीही झालं की आधी वाचायचं असतं. त्यांनी खांद्याबद्दल इतकं वाचलं की त्यांचाही खांदा दुखायला लागला. हे मी थट्टेनं लिहीत नाही. दोन दिवस खरंच दुखत होता.

निदान

शेवटी विलास मला सर्जापूर रोडवरच्या एका मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेले. आत शिरल्यावर विमानतळ वाटावा असं ते प्रकरण. कॉफीचं दुकान, काचेची लिफ्ट, आणि कुंडीत बांबू. हसऱ्या चेहऱ्याची एक मुलगी टॅबलेट घेऊन आली. त्यावर गोल गोल तोंडं काढली होती, हसरं ते रडकं, एकपासून दहापर्यंत.

"मॅम, तुमचा पेन यातला कुठला?"

"माझं तोंड समोरच आहे," मी म्हटलं. "बघून लिही."

तिनं पाच लिहिलं. खरा आठ होता.

तिथे बसलेल्या लोकांकडे मी दीड तास बघत होते. गळ्यात पट्टे, गुडघ्याला टोप्या, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तो एक भाव, माझ्याकडे बघा. मला आजारी माणसं कधीच आवडली नाहीत. कण्हणं हा मला स्वभावाचा भाग वाटायचा, जसं काही लोक भात चिवडतात. आणि आता त्याच रांगेत, तशाच प्लास्टिकच्या खुर्चीत, हातात नंबर घेऊन मी बसले होते. या गोष्टीची मला दुखण्यापेक्षा जास्त चीड आली.

डॉक्टरांनी एमआरआय पाहिला. मला नाही. बऱ्याच वेळानं म्हणाले, "हात बाजूनं वर करा."

हात खांद्याच्या रेषेपर्यंतही गेला नाही. तिथून पुढे मी नकळत सगळं अंगच तिरकं केलं आणि खांदा कानाशी नेला.

"रोटेटर कफ," ते म्हणाले. "खांद्याभोवती चार स्नायू असतात, त्यांच्या दोऱ्यांनी सांधा धरून ठेवलेला असतो. वरची दोरी अर्धवट फाटलीय. वय?"

"एकोणपन्नास."

"हं. या वयात होतं." हे त्यांनी भाजी शिळी आहे असं सांगावं तसं सांगितलं. "काम काय करता?"

"ब्यूटी पार्लर आहे."

"तीन महिने हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. फिजिओथेरपी करा. फरक पडला नाही तर ऑपरेशनचं बघू."

माझं सगळं कामच खांद्याच्या वर आहे, हे त्यांना सांगावंसं वाटलं. पण पुढच्या माणसाचं नाव पुकारलं गेलं होतं.

लिफ्टमध्ये विलास म्हणाले, "बरं झालं ना, ऑपरेशन नको म्हणाले."

"गप्प बसा."

परत येताना रिक्षा सर्जापूर रोडच्या गर्दीत अडकली आणि अडकूनच राहिली. तिथे मला पहिल्यांदा भीती वाटली. दुखण्याची नव्हे. घर विलासचं आहे, गाव आता भावाचं आहे, मुलगी तिच्या घरी आहे. माझं म्हणून जे आहे ते या उजव्या हातात आहे. तो हात मांडीवर पडला होता, कुणाचा तरी सांभाळायला दिल्यासारखा.

वेणी

घरातल्या फजितीबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून लिहिते. पाठीमागचा हूक लावता येत नाही. साडीचा पदर खांद्यावर टाकता येत नाही. वरच्या फळीवरचा डबा दिसतो, हाती लागत नाही. त्या कुशीवर झोपता येत नाही आणि दुसऱ्या कुशीवर झोप येत नाही. आणि केस विंचरता येत नाहीत. मला. जिनं या भागातल्या निम्म्या बायकांच्या लग्नातले अंबाडे घातलेत तिला.

विलास वेणी घालायला शिकले. मोबाईलवर व्हिडिओ लावून, तो सारखा थांबवत थांबवत. पहिली वेणी विहिरीच्या दोरखंडासारखी झाली. दुसरी कानामागे निघाली. मी आरशातून सूचना देत होते आणि त्यात एकही शब्द चांगला नव्हता. भाग सारखे करा, ओढू नका, ओढा, ही काय बोटं आहेत की वांगी.

आठवडाभरानं एका सकाळी ते थांबले. रागावले नाहीत. म्हणाले, "सुनंदा, मला एका वेळी दोन गोष्टी सांभाळता येत नाहीत, कंगवा आणि तुझी बोलणी. यातलं एक काय ते ठरव."

मी गप्प बसले. वेणी तरीही वाकडीच झाली, पण त्या दिवशी मी ती घेऊन पार्लरला गेले.

मुंग्या

फिजिओथेरपीसाठी सर्जापूर रोडला रोज जाणं शक्य नव्हतं. आमच्याच भागात बाजाराच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांचा एक दवाखाना निघाला. तो चालवणारे बसवराज हे अथणीकडचे, पस्तिशीचे, सावकाश बोलणारे. मराठी येतं, पण मधेमधे कन्नड घुसतं.

पहिल्या दिवशी त्यांनी मला टेबल धरून पुढे वाकायला सांगितलं आणि उजवा हात लोंबत सोडायला सांगितला.

"आता हत्तीची सोंड हलते तसा. स्वल्पच. जोर लावायचा नाही."

मग भिंतीसमोर उभं केलं. "बोटं भिंतीवरून वर चालवायची. मुंग्या जातात ना, तशी. जिथं थांबतील तिथं मी पेन्सिलीनं खूण करतो."

मी त्यांच्याकडे बघितलं. शेजारी एक रिटायर झालेले बँकवाले पायाला वाळूची पिशवी बांधून "आई गं" करत होते. पलीकडे एक सॉफ्टवेअरवाला दर व्यायामाचा फोटो काढत होता. आणि मी हत्ती आणि मुंगी करत होते. वाटलं, बालवाडीत आणून बसवलंय. शेवटी त्यांनी एक पिवळी रबराची पट्टी दिली. कोपर अंगाला चिकटवायचं, मधे टॉवेलची गुंडाळी धरायची, पट्टी दाराला बांधून बाहेर ओढायची.

"घरी रोज तीनदा. प्रत्येक वेळी दहा-दहा. सरी ना, अक्का?"

"सरी," मी म्हटलं.

दोन दिवस केलं. तिसऱ्या दिवशी पट्टी कपाटात गेली. दोन आठवडे मी त्यांना सांगत राहिले, करते, रोज करते. एके दिवशी ते म्हणाले, पट्टी घेऊन या, ताण बघतो. मी नेली. त्यांनी ती हातात धरून बोटं एकमेकांवर घासली.

"नवीन पट्टीला पावडर असते, अक्का. वापरली की जाते. तुमची अजून आहे."

बस, एवढंच. ओरडले नाहीत, उपदेश केला नाही. न ओरडणाऱ्या माणसाबद्दल मला त्या वेळी आदर नव्हता. मला वाटलं, ज्याला आपल्या कामाचा अभिमान आहे तो ओरडतोच. मी तरी ओरडते.

शिवाजीनगरचं तेल

ज्यांना मी हसले त्यांच्याच वाटेनं मी गेले, हे कबूल करायला हवं. एका गिऱ्हाइकानं शिवाजीनगरच्या बाजारातल्या एका मालिशवाल्याचं नाव सांगितलं. तिच्या सासऱ्यांचा हात त्यानं तीन बैठकीत मोकळा केला होता म्हणे. विलासना न सांगता मी बस पकडून गेले. अरुंद जिना, भिंतीवर पैलवानांचे फोटो, तेलाचा असा वास की डोळे चुरचुरावेत. म्हातारा माणूस, पण पंजे कुदळीसारखे. त्यानं माझ्याशी बोलण्यात वेळ घालवला नाही. मला ते आवडलं. याला म्हणतात काम, वाटलं.

पहिल्या दिवशी उबेनं बरं वाटलं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी त्यानं माझा हात मनगटाजवळ धरून मागे नेला आणि एक झटका दिला. डोळ्यांपुढे पांढरं झालं. तो म्हणाला, "गाठ सुटली." गाठ कसली सुटतेय. संध्याकाळी चहाचा कप उचलताना कप खाली पडला.

पुन्हा तेच हॉस्पिटल, पुन्हा एमआरआय. या वेळी डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं.

"फाट वाढलीय. हात कुणी ओढला होता?"

एवढ्या जणांना आयुष्यभर मूर्ख म्हणालेली मी, आता मी मूर्ख आहे हे कुठल्या शब्दात सांगणार?

"मी सांगितलं होतं तिला, मालिश करून घे म्हणून," विलास म्हणाले. "माझी चूक आहे."

डॉक्टरांनी त्यांना धुवून काढलं. शिकलेली माणसं ना तुम्ही, वगैरे. विलास मान खाली घालून ऐकत होते. त्यांना तर मालिशवाल्याचा पत्ताही माहीत नव्हता. कपड्यांना येणाऱ्या तेलाच्या वासावरून त्यांना कळलं असणार.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "खोटं कशाला बोललात?"

"तुला कुणी ओरडलेलं तुला सोसत नाही," ते म्हणाले. "मला सवय आहे."

ही सवय त्यांना कुणी लावली, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

दहा

डॉक्टरांनी बारा आठवडे दिले होते. तेवढ्या काळात हात उचलला नाही तर टाके घालायचे, मग सहा आठवडे हात झोळीत, आणि त्यानंतर पुन्हा हेच हत्ती आणि मुंग्या. म्हणजे सुटका नव्हतीच.

मी बसवराजांकडे गेले आणि सगळं सांगितलं. तेल, झटका, खोटं, सगळं. त्यांनी हात हळूच हलवून बघितला. भिंतीवरच्या माझ्या जुन्या खुणेच्या वीतभर खाली नवीन खूण केली.

"शून्यापासून," ते म्हणाले.

"तुम्हाला राग येत नाही?"

"येतो की. पण मला राग आल्यामुळं तुमचा हात वर जाणार काय?" त्यांनी पट्टी दाराला बांधली. "अक्का, तुम्हाला हे सगळं पोरखेळ वाटतंय, मला माहितीये. वाटू दे. मनातल्या मनात मला शिव्या घाला. पण शिव्या घालत घालत दहा मोजा."

मी तेच केलं. तिरस्कारानंही व्यायाम होतो, हे कुठल्या पुस्तकात नसेल, म्हणून सांगते. मी त्या पट्टीचा द्वेष केला आणि ती ओढली. एक मोजताना बसवराजांना नाव ठेवलं, दोनला डॉक्टरांना, तीनला टॅबलेटवाल्या मुलीला, चारला चुंबकाच्या पट्ट्याला. नऊ-दहाला पोचेपर्यंत दुसरं कुणी उरायचं नाही, मग माझीच पाळी यायची. घरी स्वयंपाकघराच्या भिंतीवर विलास पेन्सिल घेऊन उभे राहायचे. ते खुणेला तारीख घालायचे. मी म्हणायचे, कशाला. ते घालायचेच.

चौथ्या आठवड्यापर्यंत काहीही झालं नाही. हे मुद्दाम लिहिते. खुणा एकमेकींवर पडत होत्या, भिंतीचा तेवढा भाग काळा झाला. मी पट्टी फेकली, ती दिव्यावर अडकली, विलासनी स्टुलावर चढून काढली आणि परत दाराला बांधली.

पाचव्या आठवड्यात एक खूण बोटभर वर गेली.

सातव्यात मी आरशासमोर उभी राहून दोन्ही हात मागे नेले आणि केसांना क्लिप लावली. अंबाडा नव्हे, साधी क्लिप, तीही तिरकी. विलास कंगवा घेऊन आले होते. त्यांनी बघितलं. "अरे," म्हणाले, आणि कंगवा ठेवायला परत आत गेले. जाताना त्यांची चाल थोडी संथ झाली होती. त्यांना सकाळची ती दहा मिनिटं आवडत होती, हे मला त्यांच्या पाठीकडे बघून कळलं. दुसऱ्या दिवशी मी केस मोकळे सोडून त्यांच्यासमोर बसले. हात दुखतोय, असं मी सांगितलं. हे खोटं मात्र मी कबूल केलेलं नाही आणि करणारही नाही.

समोरची खुर्ची

या सगळ्या काळात पार्लर मंजुळा चालवत होती. रस्त्याकडची समोरची खुर्ची माझी. तिथे ती उभी राहायला लागली आणि मी कोपऱ्यात बसून फोन घ्यायला लागले.

मी तिला नेहमीच मंद समजत आले. जिथे मी वीस मिनिटांत केस वाळवते तिथे तिला पस्तीस लागतात. मी वाट बघत होते, गिऱ्हाइकं कधी कुरकुर करतात याची. कुणीच केली नाही. ती त्यांच्याशी बोलायची. मुलाची परीक्षा झाली का, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कसं झालं. योगावाली मीटिंगबाई तिच्या हाताखाली डोळे मिटून, इयरफोन काढून बसायला लागली. एक दिवस फोनवर एकीनं विचारलं, "मंजुळाची वेळ मिळेल का?" एकोणीस वर्षांत माझं नाव घेऊन असं कुणी विचारलं नव्हतं. मी वहीत वेळ लिहिली आणि पेन जरा जोरातच ठेवलं.

बारा आठवड्यांनी डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनची गरज नाही. मी विचारलं, दोरी जुळली का? ते म्हणाले, नाही, फाटलेलं तसंच आहे. आजूबाजूचे स्नायू तिचं काम करायला शिकलेत. वजन उचलायचं नाही, व्यायाम सोडायचा नाही, आणि हात पहिल्यासारखा होईल असं धरून चालायचं नाही.

कुणाच्या खांद्यावर ही वेळ आली असेल तर माझ्याकडे सांगण्यासारखं एवढंच आहे. हात ओढणाऱ्या माणसाकडे जाऊ नका. पहिला महिना फुकट गेल्यासारखा वाटेल, तो जात नाही. घरात जो वेणी घालतो त्याला वांग्याच्या बोटांचा म्हणू नका. बाकी धीर वगैरे धरण्याची गरज नाही, मी धरला नव्हता.

कोपर

मी परत कामाला उभी राहणार म्हणून बसवराज एके दिवशी दुपारी पार्लरमध्ये आले. "तुम्ही काम कसं करता ते बघायचंय," म्हणाले. समोरच्या खुर्चीत मंजुळाकडे एक बाई केस धुवून बसल्या होत्या. मी मागच्या खुर्चीमागे उभी राहिले, हातात बंद ड्रायर घेतला आणि कोपर वर करून दाखवलं, जसं नेहमी करते.

बसवराजांनी खाली बघितलं. "ही खुर्ची खालीवर होत नाही?"

"होते. पण वरच ठेवतो. गिऱ्हाइकाला आरशात नीट दिसतं, आणि कोपर वर ठेवून काम केलं की बघणाऱ्यालाही रुबाब वाटतो."

"खाली घ्या की," ते म्हणाले.

खुर्ची खाली घेतली. कोपर आपोआप बरगडीशी आलं. ड्रायर छातीच्या उंचीला राहिला. एकोणीस वर्षं खुर्चीखाली एक दांडा होता आणि मी रुबाबासाठी खांदा झिजवत होते. बसवराजांच्या चेहऱ्यावर हसू होतं की नव्हतं, मी बघितलं नाही. त्यांना पुढचा पेशंट होता, ते जिना उतरायला लागले.

"तुझीही घे खाली," मी मंजुळाला म्हटलं.

तिनं दांडा दाबायला हात पुढे केला. डावा. ती उजव्या हातानं सगळं करते. उजवा हात तिनं पोटाशी धरला होता, कोपर अंगाला चिकटवून. ती ठेवण मला ओळखीची होती. तीन आठवडे मी तसाच धरून फिरले होते, कुणाला कळू नये म्हणून.

"मंजुळा, उजवा हात बाजूनं वर कर."

"कशाला अक्का? यांचं राहिलंय अजून."

"कर."

हात खांद्यापर्यंत आला. मग तिनं अंग तिरकं केलं आणि खांदा कानाकडे गेला.

"कधीपासून?"

तिनं बाईंच्या ओल्या केसांवरून टॉवेल फिरवला. "झालं असेल वर्ष. तुमच्या आधीपासून."

"वर्षभर? आणि तू मला एकदाही बोलली नाहीस?"

मंजुळा कधी वर बघून उत्तर देत नाही. त्या दिवशी तिनं दिलं. आवाज चढवला नाही.

"तुमच्याकडं दुखणं सांगायची सोय होती काय, अक्का?"

खुर्चीतल्या बाईंनी आरशातून माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर मोबाईलवर नेली. या सगळ्या महिन्यांत ती रोज उभी होती, दहा-दहा तास, माझ्या खुर्चीमागे, माझ्यासमोर. आणि मी कोपऱ्यात बसून ती किती मंद आहे ते मोजत होते.

मी खिडकीपाशी गेले. बसवराज खाली स्कूटरला किल्ली लावत होते.

"बसवराज!" अख्खी गल्ली वर बघेल अशा आवाजात मी ओरडले. "वर या परत! अजून एक आहे!"

ते आले. मंजुळा नको नको म्हणत होती, गिऱ्हाईक आहे म्हणत होती. मी तिच्या हातातला टॉवेल काढून घेतला आणि तिला मागच्या खुर्चीजवळ नेलं. बसवराजांनी तिला खुर्चीच्या पाठीवर डावा हात टेकून पुढे वाकायला सांगितलं. "आता उजवा हात सोडा. हत्तीची सोंड हलते तसा. स्वल्पच."

मंजुळानं माझ्याकडे बघितलं. मी हसते की काय, हे तिला बघायचं होतं.

"नीट कर," मी म्हटलं. "ते सांगतात तसंच."

"मॅडम, मला निघायचंय हो," समोरच्या बाई म्हणाल्या. "मंजुळा किती वेळ?"

मी समोरची खुर्ची खाली घेतली, कोपर बरगडीला टेकवलं आणि ड्रायर चालू केला.

"ती आता येणार नाही," मी म्हटलं. "मी करते. तिचा अकरा वर्षांनी नंबर लागलाय."